गळ घालायचा तर गंगेत घाला

लिंबाजीच्या मुलखात पाणी म्हंजी हिरीच्या तळाला चकाकतं ते. जिंतूरच्या डोंगराकडचा माणूस. नदी म्हणून जी काय व्हती तिच्यात आठ महिने शेरडं चरायची. मासा त्येनं जलमात एकदाच बघितला, जिंतूरच्या बाजारात, पाटीतला, मेलेला, वर माशा घोंगावत्यात आसला. पर कुणी इचारलं तर मिशीवर हात फिरवून म्हणायचा, "मासे? लय बघितलेत."

आसा ह्यो लिंबाजी दिवाळी तोंडावर आली तवा गाडी जुंपून निघाला, गंगाखेडच्या खालच्या अंगाला डोहाची पिंपरी म्हणून गाव हाय तिथं. गंगेच्या काठालाच गाव. गंगा म्हंजी आपली गोदावरी, तिकडं तिला गोदावरी कुणी म्हणत न्हाई. त्येची एकुलती एक लेक, चतुरा, तिथं दिलेली. औंदाच्या उन्हाळ्यात लगीन झालेलं, पहिलीच दिवाळी. लेकीला माहेरी न्यायला मुराळी म्हणून भाऊ जातो, पर चतुराला भाऊ न्हवता. म्हणून बापच मुराळी.

निघताना बायको, नर्मदाबाई, दारात हुबी राहून म्हणली, "पोरीला घेऊनच या. रिकामी गाडी दिसली तर बैलं आत घ्या, तुमी भाईरच ऱ्हावा."

"आगं, इवाई काय वाघ हायेत का?"

"वाघ परवडला. वाघ इनोद तरी करत न्हाई."

बाई खरं बोलली. चतुराचा सासरा किशनराव, म्हंजी लिंबाजीचा इवाई, आक्ख्या गावाला हसवणारा माणूस. पोट मोठं, आवाज त्याच्याहून मोठा. मनानं वाईट न्हवता, पर एकदा इनोदाच्या भरात जबान गेली का माघारी घेणार न्हाई. मर्दाची जबान हाय म्हणायचा, आन् मग घरातल्यांनी निस्तरायचं. त्यात औंदा कापूस फुटून रानं पांढरी झालेली, येचायला माणूस मिळंना. चतुरा येचणीला पटाईत. दोन्ही हातानं येचायची, बोंडात सरकी म्हणून ठेवायची न्हाई.

मारुतीच्या पारावर माणसं बसली व्हती. लिंबाजीनं तिथंच इषय काढला. चुकलंच त्येचं. घरात काढला आसता तर बाया मदतीला आल्या आसत्या.

"इवाई, लेकीला धाडायचं बगा."

"धाडू की. संक्रांतीला न्या."

"पहिली दिवाळी हाय."

"मंग? दिवाळी आमच्याकडं बी येतीया. का निजामसरकारानं हुकूम काढलाय, औंदाची दिवाळी जिंतूरलाच म्हणून?"

पार सगळा हसला. लिंबाजी बी हसला, जमंल तसं. पानसुपारी झाली, बैलाचा इषय झाला, पावसाचा झाला, आन् फिरून त्येनं हात जोडले. "इवाई, तिची आई वाट बघायलीय. मी तुमाला गळ घालतो..."

"मघाधरनं गळच घालायलाव!" किशनराव मांडीवर थाप मारून वरडला. "मला कशाला गळ घालता? मी काय मासा हाय? गळ घालायचा तर गंगेत घाला! मासा भाईर काढा आन् लेक घेऊन जावा. अडवलं तर नाव सांगणार न्हाई."

आता हसणं असं उठलं का पिंपळावरची पाखरं उडाली. किशनरावाला जोर चढला. त्येनं बाही वर सारली. "आन् बोटाएवढी मासोळी चालायची न्हाई. ह्या कोपरापसनं ह्या बोटाच्या टोकापर्यंत भरला पायजे. काय अप्पा?"

मन्मथअप्पा म्हणून दुकानदार तिथं बसला व्हता. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, मासा-मटनाचा वाससुदीक नको माणसाला. त्यो शांतपणे म्हणला, "मी साक्षीला हाय. दुकानातला गज आनतो मोजायला."

"घ्या! अप्पा मासा खात न्हाईत, म्हंजी मापात खानार न्हाईत!" किशनराव म्हणला.

लिंबाजीची मान मुळातच ताठ. जिथं 'जाऊ द्या इवाई, थट्टा पुरे' म्हणायचं तिथं गडी म्हणला, "कबूल."

किशनरावाचा वाडा पारासमोरच, चतुरा दाराआडून ऐकत व्हती. बाप वाड्यात आल्याबरुबर तिनं त्येला चुलीपाशी गाठलं. "बा, काय करून बसलास? तुला पवता तरी येतंय का?"

"मासा धरायचाय मला. मासा व्हायचं न्हाई."

पोरगी हसली, पर डोळे भरूनच व्हते. लिंबाजीनं ते बघितलं आन् त्येला पहिल्यांदा भ्या वाटलं. रिकामी गाडी दारात गेली तर नर्मदाबाईचं तोंड कसं व्हईल ते त्येला आत्ताच दिसायलं.

चतुराची सासू बायनाबाई भाकरी थापत व्हती. ती नवऱ्याचे इनोद तीस वरीस ऐकून किटलेली बाई. वर न बघता म्हणली, "इवाई, येशीला भोयाचं घर हाय, धुरपताबाईचं. नावा बी तिच्या, जाळी बी तिची. जाळं देनार न्हाई ती, गळ म्हणलाय तर गळच. पर शिकवील. शिव्या खाव्या लागतील."

"खातो की."

"मी कणीक मळून देते, गूळ घालून, फुटाण्याचं पीठ घालून. इथल्या खडस माशाला गोड लय आवडतं." आन् मग हळूच, "ह्यांस्नी सांगू नका."

धुरपताबाई म्हंजी वाळलेल्या लाकडासारखी म्हातारी, गालात तंबाखूचा तोबरा. आख्खी हयात पान्यात गेलेली. दुसऱ्या दिशी सकाळी लिंबाजी गेला तवा ती दोरीला पीळ घालायली व्हती. तिनं त्येला वरपसनं खालपर्यंत बघितलं.

"तुमीच का ते पाव्हणं, लेकीपायी मासा धरनारं?"

"व्हय."

"चारा आणलाय?"

त्येनं धडप्यातला कणकेचा गोळा दाखवला. नारळाएवढा गोळा. बायनाबाईनं हात आखडता घेतला न्हवता.

"झ्याक. त्या काळ्या खडकावर जाऊन बसा. दोरी झाली का आले."

लिंबाजी खडकावर गेला. उजाडत व्हतं. पूर वसरून गेलेला, पाणी निवळशंख, ह्या काठापसनं त्या काठापर्यंत नुसतं सोनं हालल्यावानी. कोरड्या मुलखाचा माणूस, त्येला एवढं पाणी बघून गहिवरून आलं. त्येनं पटका काढला, बुड्या मारल्या, कमरेएवढ्या पान्यात हुबं राहून हात जोडले. आन् त्येच्या मनात आलं, गंगेवर आलो आन् रिकाम्या हातानं कसं हुबं ऱ्हावं? फूल न्हाई, नारळ न्हाई. हाय ते ह्योच गोळा.

मग काय. "गंगामाय, लेक माझ्यासंगं धाड," म्हणायचा आन् कणकेचा तुकडा सोडायचा. तुकडा सोडला का पाणी उकळायचं. काळी पाठ, तांबडे कल्ले, सोन्यासारखी खवलं, आसले मासे का एकेकाला बघून लिंबाजीच्या तोंडाचा आ मिटंना. गंगामाय पावली म्हणून त्यो आजून सोडायचा. आख्खा गोळा वाहिला.

धुरपताबाई गळ-दोरी घेऊन आली. "कुठंय चारा?"

"गंगेला वाहिला," लिंबाजी भक्तीनं म्हणला. "लय मासे आले बाई! एवाले एवाले!"

म्हातारी खडकावर मटकन खाली बसली. "आरं देवा. पंगत घातली की तुमी त्येंला! पोटं फुटस्तोवर जेवलेत, आता गळाला कोन लागतंय? विडा बी द्यायचा ना वरून! आहेर करायचा!"

त्या दिशी दुपारपर्यंत गळ तसाच पान्यात ऱ्हाईला. एका खेकड्यानं तेवढं बघून सोडून दिलं. गावात ही गोष्ट लिंबाजीच्या आधी पोचली. रातच्या जेवणाला किशनराव ताटावर बसल्या बसल्या म्हणला, "इवाई, गंगेकडून निरोप आलाय. मासे म्हणायलेत, पाव्हणं लय दिलदार, उद्या बी बोलवा त्येंला." हसता हसता त्येला ठसका लागला. बायनाबाईनं पाणी दिलं न्हाई, चतुरानं दिलं.

दुसऱ्या दिशी शिकवनी खरी सुरू झाली. काठी येळवाची, दोरी सुताची पिळदार, गळाच्या वर धांड्याचा तुकडा बांधलेला तरंगायला. जोंधळ्याचा धांडा बघून लिंबाजीला जरा धीर आला, आपल्यातलं काहीतरी हाय म्हणून. पहिल्यांदा गळ फेकला त्यो मागं त्येच्याच पटक्यात आडकला. काठी पुढं आली तसा पटका बी पुढं आला आन् नवा कोरा लाल पटका गंगेत पसरत पसरत निघाला. 

"गळाला डोकं लागलं बगा," धुरपताबाई म्हणली. नाव घेऊन पटका आणावा लागला.

मग बसनं. ह्येच सगळ्यात अवघड. शेतकरी माणसाला नुसतं बसायची सवय नसती. त्यो धांड्याशी बोलायला लागला. "बुड की लेका. बुड ना. कशाची वाट बघायलास?"

"गप बसा पाव्हणं. मासा ऐकतोय."

"मंग त्येलाच सांगायलोय."

धांडा बुडाला. लिंबाजीनं दोन्ही हातानं आसा हिसका दिला का वीतभर मासा पान्यातून निघाला, त्येच्या डोक्यावरनं गेला, आन् मागच्या बाभळीला जाऊन लटकला. धुरपताबाई बघतच ऱ्हायली. "पन्नास वरसं मासे धरायलेय. झाडाचा मासा आजच बघितला."

पर वीतभर मासा काय कामाचा. दुपार कलली आन् धांडा फिरून बुडाला. ह्या टायमाला बुडाला त्यो वर आलाच न्हाई. काठी वाकून कमान झाली. लिंबाजीनं टाच रोवली, दात चावले आन् जीव खाऊन वडलं. एकदा पान्यात सोनं लखलखलं, रुपयाएवालं एकेक खवल. आन् तट्! दोरी तुटली. लिंबाजी मागच्या मागं चिखलात.

त्यो उठला न्हाई. तसाच बसला, हातात मोकळी काठी. दिवाळी चार दिसांवर आलेली, त्यात गाडीची वाट दोन दिसांची. म्हातारी बी शिव्या द्यायची इसरली. तिनं तंबाखू थुंकली आन् बाजूला टेकली.

"खडस व्हता," ती म्हणली. "लय मानी मासा. पूर आला का वर वर चढत जातो, लेक माहेराला जाती तसा. वर अंडी घालायची, आन् पाणी वसरलं का ह्या दिसात माघारी यायचं. त्येला वडून आणता येत न्हाई पाव्हणं. त्येला येऊ द्यावं लागतं."

"मला वडनंच येतं. सगळी हयात मोट वडली."

"मोट तुमी वडता का बैल?"

"बैल. मी हाकतो."

"मंग बैल काय सारखे वडतच ऱ्हातेत?"

"न्हाई की. हिरीपसनं उतरती धाव असती, तिच्यावरून खाली उतरताना वडतेत. मोट रिकामी झाली का पाठीमागं सरकत वर येतेत. तवा नाडा सैल सोडावा लागतो, न्हाईतर..."

आन् लिंबाजी बोलता बोलता थांबला. त्येनं गंगेकडं बघितलं. मग काठीकडं. मग म्हातारीकडं. आन् पोट धरून हसायला लागला, चिखलात बसून, एकटाच. "आगं भवाने! ह्ये आधी सांगायचं न्हाई व्हय!"

"तुमी कुठं सांगितलं मोट हाकता म्हणून!"

तिसऱ्या दिशी काठाला जत्रा भरली. किशनराव विडा चघळत आला, येताना निम्मा पार घेऊन. मन्मथअप्पा दुकानातला गज काखेत मारून आला आन् माशाचा वास येनार न्हाई एवढ्या लांब दगडावर बसला. बाया घाटावर धुनं घेऊन आल्या, पर धुतलं कुणीच न्हाई. चतुरा सासूच्या आड हुबी, पदर तोंडात.

लिंबाजीनं गळाला बोराएवढी कणीक लावली, फेकला, नीट जाऊन पडला. ऊन वर आलं. किशनरावाचा तिसरा विडा झाला. "इवाई, मासा गंगाखेडच्या बाजाराला गेलाय, सांजच्याला यील," त्यो म्हणतोय तवर धांडा गपकन गेला.

काठी वाकली. माणसं उठली. लिंबाजीनं हिसका दिला न्हाई. त्येनं पाठ वळवली, दोर खांद्याशी घेतल्यावानी काठी धरली, आन् गंगेकडं पाठ करून काठ चढायला लागला. एकेक पाऊल, दमानं, जसं काय मोट भरून वर यायलीय. आन् तोंडानं, बैल हाकायची सवयच ती, "हो... चल रं हरण्या... हो हो हो..."

"इवाई, गंगा हाय ती, हीर न्हाई!" कुणीतरी वरडलं. पर हसलं न्हाई कुणी.

खडसानं झेप घेतली तसा लिंबाजी वळला आन् पाठीमागं न वडता माघारी पान्याकडं गेला, दोरीला ढील देत, बैलाला बोलावं तसा बोलत, "ये माघारी, ये, सावकाश राजा." मासा थांबला का फिरून पाठ करून वर. मासा पळाला का फिरून खाली. वर, खाली. वर, खाली. काठावर वाट पडली, अगदी हिरीवरच्या धावंसारखी. धोतर सुटायलंय, घाम धारंनं वाहायलाय, आन् त्येचं तोंड आसं फुललंय का लेकीनं बापाला आसं कधी बघितलंच न्हवतं. माशापायी आलो, लेकीपायी आलो, सगळं इसरला गडी. दोरीच्या त्या टोकाला जित्ता जीव हाय आन् ह्या टोकाला मी, एवढंच.

शेवटी मासा उथळात आला. पाठ पान्याच्या वर, सोन्याची. एक शेपूट आपटली का धुरपताबाई भिजली. दोरी कुरकुरायली.

आन् तवा किशनरावाला ऱ्हावलं न्हाई. शर्त, जबान, कापूस, समदं काठावर ठेवून त्यो वरडत पान्यात घुसला, "ढील द्या इवाई! ढील द्या! मी धरतो!" पोटासकट त्यो माशावर पडला. माशानं त्येच्या थोबाडीत दिली. किशनराव पान्याखाली गेला, वर आला, फिरून गेला, आन् वर आला तवा खडस त्येनं लहान लेकरागत कवटाळलेला. विडा कुठंतर वाहून गेला. "धरला! इवाई, धरला!"

लिंबाजी पान्यात धावला आन् त्येनं इवायालाच मिठी मारली, मधी मासा. दोघं तसेच चिखलात बसले, हसत, धापा टाकत.

मन्मथअप्पा लांबूनच बोलला, "मोजून घ्या. मी शिवनार न्हाई." त्येनं गज फेकला. गजाची गरजच पडली न्हाई. किशनरावाचा हात चिखलात आडवा धरला, कोपरापसनं बोटापर्यंत, आन् वर मासा ठेवला. शेपूट वीतभर पुढं गेली.

"भरला," अप्पा म्हणला. "वर नजराणा बी हाय."

किशनराव तोंडावरचा चिखल पुसत उठला. आता त्येला शर्त आठवली. डोळे मिचकावून म्हणला, "भरला खरा. पर इवाई, धरला कुनी? मी धरला. म्हंजी शर्त..."

"तुमीच धरला," बायनाबाई पुढं झाली. बाई नवऱ्यासमोर चार माणसांत कधी बोलायची न्हाई. आज बोलली. "तुमी धरला, तर मंग तुमचे हात लय चपळ झालेत. उद्यापसनं कापूस तुमीच येचा. चतुराचं गठुडं मी कालच बांधलंय."

बाया अशा हसल्या का घाटावरची धुनी पान्यात गेली. किशनरावानं बायकोकडं बघितलं, सुनेकडं बघितलं, चतुरा पदराआड थरथर हसायली व्हती. त्येनं दोन्ही हात वर केले. "घ्या बाबा. मासा बी त्येचा, लेक बी त्येची. माझा नुसता गाल सुजला."

त्या सांजेला रस्सा झाला. किशनरावानं चार वाट्या मारल्या आन् परत्येक वाटीला गोष्ट नव्यानं सांगितली. चौथ्या वाटीला मासा मगरीएवढा झाला व्हता.

सकाळी गाडी जुंपली. चतुरा नवं लुगडं नेसून बसली, गठुडं, फराळाची दुरडी, सासूनं दिलेल्या कापसाच्या वाती. बैलं शेपट्या हालवायलीत. आन् मुराळी कुठंय? मुराळी न्हाई. वाड्यात न्हाई, पारावर न्हाई. किशनरावाला म्हाईत व्हतं, पर त्यो बोलंना, नुसता मिशीत हसायलाय. चतुरानं ओळखलं. गाडीतून उतरली, लुगड्याचा काष्टा आवळला, आन् घाटाकडं निघाली.

लिंबाजी काळ्या खडकावर. काठी हातात, पटका बाजूला दगडाखाली दाबून ठेवलेला, नजर धांड्यावर. शेजारी धुरपताबाई तंबाखू मळायली.

"बा!"

"हळू. आत्ताच हालला."

"आई दारात हुबी आसंल, बा."

"एकच. हा बघ, एकच टाकतो आन् निघालोच."

"मघाधरनं चौथा एकच हाय ह्यो," धुरपताबाई म्हणली. "न्या बाई ह्येला. मी न्हाई आता सांभाळनार."

चतुरानं बापाच्या हातातली काठी घेतली. गळ वर काढला, दोरी गुंडाळली, कणीक चिमटीनं काढून पान्यात सोडली. मग बापाचा दंड धरला आन् शेरडू वडावं तसा त्येला घाट चढवला. त्यो चालला, पर तीनदा मागं वळला.

येशीपाशी किशनरावानं गाडीत गुपचूप ती येळवाची काठी सारली आन् नुसतं म्हणला, "सुनेला माघारी आणून सोडायला तुमीच या, इवाई. तुमच्या जावयाला न्यायला धाडतच न्हाई मी."

वाट बराच पल्ला गंगेच्या कडंकडंनं जाती. लिंबाजीनं कासरा लेकीच्या हातात दिला, गाडीत मागं तोंड करून बसला आन् पान्याकडं बघत ऱ्हायला. कुठं डोह दिसला का म्हणायचा, "इथं आसनार. इथं नक्की आसनार." चतुरा हसायची, हूं म्हणायची, आन् बैलांना हाकायची. आई दारात हुबी व्हती ना.